पूलचा क्यू : किंमत नेमकी कशाची?

नाशिक / क्रीडा प्रतिनिधी

क्रिकेटची बॅट किंवा बॅडमिंटनची रॅकेट खेळाडूची स्वतःची असावी, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पूलच्या क्यूबाबत मात्र तसे नाही. पार्लरमधील स्टँडवर डझनभर क्यू तयार असताना, तेवढ्याच लांबीच्या आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या काठीसाठी काही हजार, प्रसंगी लाखाच्या घरात रक्कम का मोजायची, हा पालकांचा प्रश्न रास्तच असतो. नाशिकसारख्या शहरात तो अधिक टोकदार होतो, कारण येथे या खेळाकडे अजूनही संध्याकाळच्या करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले जाते. पूल गांभीर्याने खेळणारा तरुण मात्र सरावाला लागल्यानंतर लवकरच स्वतःच्या क्यूचा विचार करू लागतो.

या हट्टामागे प्रतिष्ठेचा भाग नसतो असे नाही. परंतु त्याहून मोठे कारण तांत्रिक आहे. उत्तम क्यू खेळाडूला खेळ शिकवत नाही. चेंडू पॉकेटमध्ये गेला नाही, तर चूक हाताची होती की काठीची, हा संशय तो दूर करतो. ज्याला आपली चूकच ओळखता येत नाही, त्याला ती सुधारताही येत नाही. क्यूसाठी मोजलेल्या किमतीचा खरा मोबदला येथे आहे.

बिलियर्ड्सची परंपरा, पूलची गरज

टेबलावरील चेंडूंच्या खेळांशी भारताचे नाते जुने आहे. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला आणि नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याकडे त्याचे श्रेय जाते. महाराष्ट्राचा वाटाही यात मोठा आहे. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकाता येथे हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हौशी जगज्जेतेपद पटकावले. मुंबईचाच आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतील इंडियन ओपन या व्यावसायिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये जागतिक विजेतेपदांची रास रचणारा पंकज अडवाणी वाढला बंगळुरूमध्ये, पण त्याचा जन्म पुण्याचा.

ही परंपरा प्रामुख्याने क्लब आणि जिमखान्यांतील बिलियर्ड्स व स्नूकरची. पूल हा त्याच कुळातला, पण अमेरिकी वळणाचा खेळ. आपल्या शहरांत तो मुख्यतः १९९० च्या दशकापासून पार्लरच्या रूपाने रुजला. त्यामुळे स्नूकरचा क्यू आणि पूलचा क्यू एकच, असा समज अनेकांचा असतो. वास्तविक दोहोंत बराच फरक आहे. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, तर पूलचा ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा आणि अधिक वजनदार असतो. म्हणून स्नूकरच्या क्यूची टिप साधारणतः ९ ते १० मिलिमीटर, तर पूलच्या क्यूची १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते. स्नूकरचा क्यू बहुधा अॅश लाकडाचा, टोकाकडे सतत निमुळता होत जाणारा आणि पितळी फेरूल असलेला असतो. पूलच्या क्यूचा पुढचा भाग परंपरेने उत्तर अमेरिकेतील कठीण मेपल लाकडाचा असतो आणि टोकाकडील दहा ते चौदा इंचांपर्यंत त्याची जाडी जवळपास सारखीच राखलेली असते.

क्यूची रचना

पूलचा क्यू साधारणपणे ५७ ते ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस, म्हणजे अंदाजे ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे दोन मुख्य भाग असतात. हातात धरायचा जाड भाग तो ‘बट’ आणि चेंडूकडील निमुळता भाग तो ‘शाफ्ट’. हे दोन भाग मध्यभागी धातूच्या स्क्रूने जोडले जातात, तो ‘जॉइंट’. शाफ्टच्या टोकाला पांढऱ्या रंगाचे छोटे टोपण असते, ते ‘फेरूल’. आघाताने लाकूड चिरू नये, हे त्याचे काम. त्याच्यावर चामड्याची ‘टिप’ चिकटवलेली असते. हाताची पकड असते त्या जागी बटवर तागाचा दोरा किंवा चामडे गुंडाळलेले असते.

आंतरराष्ट्रीय पूल संघटनेचे नियम क्यूच्या बाबतीत बरेच उदार आहेत. लांबी ४० इंचांपेक्षा कमी नसावी, वजन २५ औंसांपेक्षा जास्त नसावे आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी, या प्रमुख अटी. या चौकटीत लाकूड, कार्बन फायबर, जोडणी, समतोल यांचे असंख्य प्रकार बसतात. साध्या क्यूची आणि उच्च कार्यक्षमतेच्या क्यूची वाट येथूनच वेगळी होते.

दीड मिलिमीटरचा हिशेब

पूलच्या टेबलावर किती अचूकता लागते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येते. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड सुमारे ११४ ते ११७ मिलिमीटर रुंद असते. चेंडूची रुंदी त्यातून वजा केली, तर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ५८ मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला जेमतेम २९ मिलिमीटरची सवलत उरते. आता समजा, पॉकेटपासून एक मीटरवर रंगीत चेंडू आहे आणि त्याच्या मागे सरळ रेषेत एक मीटरवर पांढरा चेंडू आहे. रंगीत चेंडू पॉकेटमध्ये जाण्यासाठी त्याची दिशा सुमारे दीड अंशाहून अधिक चुकता कामा नये. तेवढे साधायचे, तर पांढरा चेंडू त्याच्यावर आदळताना आपल्या रेषेपासून दीड मिलिमीटरच्या आसपासच सरकू शकतो. म्हणजे फटक्याच्या दिशेत एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूकही फटका वाया घालविण्यास पुरेशी ठरते.

एवढ्या बारीक हिशेबात पार्लरमधील सार्वजनिक क्यू किती साथ देतो, हे कुणीही पडताळून पाहू शकतो. दिवसभर शंभर हातांतून जाणाऱ्या त्या काठ्यांची टिप कधी चपटी झालेली, कधी कडेने फुगलेली, तर कधी स्क्रूने बसविलेली आणि हलणारी असते. एकाचे वजन १८ औंस, तर शेजारच्याचे २१. काल ज्या क्यूने खेळलो, तो आज दुसऱ्या टेबलावर. शाफ्टवर घामाचा आणि खडूचा थर साचलेला असतो, त्यामुळे बोटांच्या आधारावरून क्यू एकसारखा सरकत नाही. मित्रांसोबत तासभर खेळण्यास हे सारे चालून जाते. रोज चार तास सराव करणाऱ्याला मात्र ते चालत नाही, कारण तो दररोज वेगळ्या साधनाशी जुळवून घेण्यातच वेळ घालवतो. हाताला एका क्यूची सवय होते न होते, तोच दुसरा हाती येतो.

‘साइड’ आणि चेंडूचे भरकटणे

उच्च कार्यक्षमतेच्या क्यूची सर्वाधिक चर्चा होते ती एका वैज्ञानिक कारणामुळे. पूलमध्ये चेंडू पॉकेटमध्ये घालणे हे निम्मे काम. पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी योग्य जागी आणून ठेवणे, हे उरलेले आणि अधिक अवघड काम. त्यासाठी खेळाडू पांढऱ्या चेंडूला मध्यभागी न मारता वर, खाली किंवा बाजूला मारतो आणि त्याला फिरकी देतो. बाजूला मारून दिलेल्या फिरकीला खेळाडू ‘साइड’ म्हणतात.

साइड देताना एक चमत्कारिक गोष्ट घडते. चेंडूच्या उजव्या अंगाला मारले, तर चेंडू क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे निघतो. डावीकडे मारले, तर उजवीकडे. टिप आणि चेंडू यांचा संपर्क अवघा सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात चेंडू फिरू लागतो आणि त्याला चिकटलेले क्यूचे टोक बाजूला ढकलले जाते. टोक एका दिशेला ढकलले गेले, की त्याच्या प्रतिक्रियेने चेंडू विरुद्ध दिशेला सरकतो. क्यूचे टोक जितके जड, तितका हा सरकाव अधिक. येथे संपूर्ण क्यूचे वजन मोजायचे नसते. संपर्काचा काळ इतका अल्प असतो की, टोकाकडच्या काही इंचांपलीकडचा भाग या बाजूच्या हालचालीत सहभागीच होत नाही.

साधारण शाफ्टने भरपूर साइड दिली, तर हे विचलन तीन अंशांपर्यंत जाऊ शकते. दीड मीटर अंतरावर तीन अंश म्हणजे जवळजवळ ७९ मिलिमीटर, चेंडूच्या व्यासाहूनही जास्त. हेच विचलन दोन अंशांवर आणले, तर ते सुमारे ५२ मिलिमीटर होते. म्हणजे खेळाडूला नेम धरताना जी मनातल्या मनात दुरुस्ती करावी लागते, ती तृतीयांशाने घटते. दुरुस्ती कमी करावी लागली, की दुरुस्तीतील चूकही कमी होते. कमी विचलनाच्या शाफ्टचा सारा लाभ या एका वाक्यात सामावलेला आहे.

हे तत्त्व बाजारात लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेतील प्रिडेटर कंपनीकडे जाते. १९९० च्या दशकात तिने ‘३१४’ नावाचा शाफ्ट आणला. पाचरीच्या आकाराचे मेपलचे दहा तुकडे एकत्र चिकटवून आणि टोकाकडचा भाग आतून पोकळ ठेवून तो बनविला होता. पाचरींमुळे शाफ्ट कोणत्याही बाजूने फिरवून धरला तरी त्याचा ताठपणा सारखा राहतो, आणि पोकळीमुळे टोक हलके होते. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने टोकाचे वजन घटविले. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्बन फायबरचे शाफ्ट आले आणि अल्पावधीत व्यावसायिक खेळाडूंच्या हाती दिसू लागले. २०२२ मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता ठरलेला अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग कार्बन फायबरच्या शाफ्टनेच खेळतो.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. साइड दिलेला चेंडू सुरुवातीला एका बाजूला सरकतो, पण पुढे कापडाच्या घर्षणाने वळून पुन्हा दुसऱ्या बाजूला येऊ लागतो. हे वळण फटक्याच्या वेगावर, क्यूच्या उतारावर आणि कापडाच्या अवस्थेवर अवलंबून असते. जुन्या, मळलेल्या कापडावर ते लवकर येते. शिवाय दोन चेंडू आदळताना त्यांच्यातील घर्षणाने रंगीत चेंडूची दिशाही किंचित बदलते. क्यू यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीवर इलाज करतो. उरलेल्या दोन्ही गोष्टी खेळाडूला सरावानेच शिकाव्या लागतात.

काही गैरसमज

महागड्या क्यूने फिरकी जास्त लागते, हा सर्वांत रूढ गैरसमज. चेंडूला किती फिरकी मिळेल, हे टिप मध्यबिंदूपासून किती दूर लागली आणि फटका किती वेगवान होता, यावर ठरते. मध्यापासून चेंडूच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरपर्यंत मारता येते. त्यापलीकडे टिप निसटते आणि ‘मिसक्यू’ होतो. ही मर्यादा साध्या आणि महागड्या क्यूला सारखीच लागू आहे. कमी विचलनाच्या क्यूने नेम न बिघडता साइड देता येते, म्हणून खेळाडू अधिक साइड देण्याचे धाडस करतो. त्यालाच तो क्यूची करामत समजतो.

जड क्यूने फटका जोरात बसतो, हा दुसरा गैरसमज. जड क्यू हात तितक्या वेगाने फिरवू शकत नाही. ताकद वजनातून आणि वेगातून मिळून येते, म्हणून बहुतेक खेळाडू १९ औंसांच्या आसपास स्थिरावतात.

तिसरा गैरसमज सजावटीचा. बटवर शिंपले, चांदी, शिसवी यांची जडावकाम असलेले क्यू कलावस्तू म्हणून मोलाचे असतात, पण त्या नक्षीने चेंडू सरळ जात नाही. याचे गमतीदार उदाहरण चित्रपटसृष्टीत आहे. पॉल न्यूमन आणि टॉम क्रूझ यांच्या १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात बालाबुश्का नावाच्या मौल्यवान क्यूला मोठे महत्त्व आहे. जॉर्ज बालाबुश्का हे रशियात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले ख्यातनाम कारागीर. त्यांचे १९७५ मध्ये निधन झाले आणि त्यांचे क्यू संग्राहकांच्या मागणीचे विषय बनले. चित्रपटात मात्र खराखुरा बालाबुश्का वापरलाच नव्हता. तसा दिसणारा जॉस कंपनीचा क्यू वापरून काम भागविले होते, आणि पडद्यावरील खेळात कुणाला उणीव जाणवली नाही.

टिप आणि चॉक

क्यूचा सर्वांत स्वस्त भाग हाच खेळावर सर्वाधिक परिणाम करणारा भाग आहे. चेंडूला स्पर्श करते ती फक्त टिप. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्सच्या फ्रांस्वा मिंगो यांनी क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याची प्रथा रूढ केली, असे मानले जाते. चेंडूला हुकमी फिरकी देणे त्यानंतरच शक्य झाले. आज चांगल्या टिपा चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून केल्या जातात. जपानमधील डुकराच्या कातडीच्या थरांच्या टिपा विशेष नावाजलेल्या आहेत. एकसंध चामड्याची टिप वापराने दबते आणि कडेने फुगते. थरांची टिप दीर्घकाळ आकार धरून ठेवते.

मऊ टिप चेंडूला अधिक काळ धरून ठेवल्यासारखी वाटते, पण लवकर झिजते. कडक टिपने ऊर्जा कमी वाया जाते, परंतु चॉक नीट धरून ठेवण्यासाठी ती वेळोवेळी खरवडावी लागते. मध्यम कडकपणाची टिप बहुतेकांना मानवते. टिपची गोलाई सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या नाण्याच्या कडेइतकी ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मिश्रणात सिलिका आणि कोरंडमसारखे कठीण, घर्षण वाढविणारे घटक होते. टिप निसटू नये, हे त्याचे काम. लाखाचा क्यू हाती असला तरी प्रत्येक फटक्यापूर्वी टिपवर चॉकचा पातळ, सारखा थर दिला नाही, तर मिसक्यू टळत नाही.

घाटावरची हवा, किनाऱ्यावरची हवा

नाशिकच्या खेळाडूला क्यू निवडताना हवामानाचाही विचार करावा लागतो. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. ओलावा घेतला की ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, सोडला की आकसते. हे एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी झाले, की काठी वाकते. नाशिकचा पावसाळा दमट, हिवाळा कोरडा आणि कडाक्याचा, तर उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांकडे झेपावतो. त्यात नाशिकचा खेळाडू स्पर्धेसाठी मुंबईला गेला, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने कसारा घाट उतरून तो काही तासांतच कोरड्या हवेतून किनारपट्टीच्या दमट हवेत पोहोचतो. क्यूही त्याच्याबरोबर तो प्रवास करतो.

नीट मुरविलेले, सरळ रेषांचे आणि सर्व बाजूंनी मुलामा दिलेले लाकूड हा बदल बऱ्यापैकी सोसते. घाईने वाळविलेले स्वस्त लाकूड सोसत नाही. चांगल्या क्यूच्या किमतीचा एक मोठा भाग या मुरविण्याच्या वेळेचा असतो. लाकूड थोडे तासायचे, काही काळ स्वस्थ ठेवायचे, वाकले तर बाद करायचे, पुन्हा थोडे तासायचे, अशा टप्प्यांनी चांगला शाफ्ट तयार होतो. बाद झालेल्या लाकडाची किंमतही टिकलेल्या लाकडावर चढते. कार्बन फायबरवर ओलाव्याचा परिणाम जवळजवळ होत नाही आणि त्याला सहजासहजी खोक पडत नाही. कमी विचलनाइतकेच हे त्याच्या लोकप्रियतेचे कारण आहे. मात्र त्याचा आवाज आणि हाताला जाणवणारे कंपन लाकडाहून निराळे असते, आणि अनेकांना ते रुचत नाही.

क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये, उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत विसरू नये, या सूचना म्हणूनच केवळ सोपस्कार नाहीत. तापलेल्या गाडीत टिपचा आणि जोडाचा गोंद सैल होतो. कडक, अस्तर असलेली पेटी ही चैन नसून क्यूच्या आयुष्याचा विमा आहे. विमानप्रवासात क्यू हाताशी ठेवता येत नाही, तो सामानातच द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

ब्रेक आणि जंपसाठी वेगळे क्यू

स्पर्धेतील खेळाडूच्या पेटीत दोन-तीन क्यू दिसतात, तेव्हा नवख्याला तो डामडौल वाटतो. त्यामागे साधे व्यवहारज्ञान आहे. डावाच्या सुरुवातीचा ब्रेक सर्वांत जोरकस फटका असतो. रोजच्या क्यूने तो मारला, तर टिप चपटी होते आणि फेरूलवर ताण येतो. म्हणून ब्रेकसाठी कडक टिपचा वेगळा क्यू ठेवतात. ‘जंप’ म्हणजे मध्ये आलेल्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडवून नेण्याचा फटका. त्यासाठी आखूड, हलका आणि कडक टिपचा क्यू लागतो. नियमानुसार चेंडूच्या वरच्या भागावर मारून तो उडवावा लागतो. खालून खरवडून उचलणे हा फाउल आहे. नवोदिताने जंप क्यूच्या मागे लागण्याचे कारण नाही. ब्रेकसाठी मात्र पार्लरमधील एखादा क्यू वापरून आपला क्यू जपणे शहाणपणाचे ठरते.

हेंड्रीचा क्यू

महागडा क्यू म्हणजेच चांगला क्यू, या समजाला सर्वांत चांगले उत्तर स्नूकरच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात सात वेळा व्यावसायिक जगज्जेतेपद जिंकले. ते सर्व त्याने किशोरवयात मिळालेल्या, सुमारे ४० पौंड किमतीच्या एकाच क्यूने. २००३ मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला. जगातील कोणताही क्यू विकत घेण्याची ऐपत असलेल्या त्या खेळाडूला हळहळ वाटली ती त्या स्वस्त काठीची. त्याच वर्षी नव्या क्यूने त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, पण जगज्जेतेपद त्याच्या हाती पुन्हा आले नाही. वय, वाढती स्पर्धा अशी त्याला अनेक कारणे होती, आणि सारा दोष मोडलेल्या क्यूवर टाकणे योग्य नव्हे. तरीही या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या क्यूचे मोल त्याच्या किमतीत नव्हते. वर्षानुवर्षे तो तोच होता, तसाच होता, आणि हेंड्रीचा हात त्याच्या प्रत्येक गुणदोषाला ओळखत होता.

मग आधुनिक शाफ्टवर पैसे खर्च करायचे कशासाठी? हेंड्रीला जे एका काठीत योगायोगाने सापडले, ते आज कारखान्यात ठरवून तयार करता येते, हे त्याचे उत्तर. एकाच नमुन्याचे दोन कार्बन शाफ्ट जवळजवळ सारखे वागतात. एक हरवला किंवा मोडला, तर दुसऱ्याने खेळ पुढे चालू राहतो. लाकडाच्या दोन काठ्यांबद्दल ही खात्री देता येत नाही.

किती आणि केव्हा खर्च करावा?

मध्यमवर्गीय घरातील खेळाडूपुढे प्रश्न केवळ क्यूचा नसतो. टेबलाचे तासाचे भाडे, प्रशिक्षण, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, मुंबई-पुण्याचा प्रवास हे सारे त्याच पैशातून भागवायचे असते. म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. पहिला पैसा टेबलावरच्या तासांवर आणि शक्य असल्यास चांगल्या मार्गदर्शकावर घालवावा. उभे राहण्याची पद्धत, बोटांचा आधार आणि क्यूची सरळ हालचाल जमेपर्यंत महागड्या शाफ्टचा फायदा दिसतच नाही.

त्यानंतर साधा, सरळ, दोन भागांचा मेपलचा क्यू घ्यावा आणि त्याला जाणकाराकडून चांगली टिप बसवून घ्यावी. खेळातील सुधारणेचा मोठा टप्पा येथेच गाठला जातो. वर्ष-दीड वर्षानंतर साइडचा वापर वाढला आणि लांबचे फटके त्यामुळेच चुकत असल्याचे ध्यानात आले, तर केवळ कमी विचलनाचा शाफ्ट वेगळा विकत घेता येतो. जॉइंटचा स्क्रू जुळला, की तो जुन्या बटवर बसतो. संपूर्ण नवा क्यू घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो. मात्र शाफ्ट बदलल्यावर पहिले काही आठवडे नेम बिघडल्यासारखा वाटतो, कारण जुन्या विचलनाची दुरुस्ती हाताला जडलेली असते. महत्त्वाच्या स्पर्धेच्या तोंडावर असा बदल टाळावा.

खरेदी करताना क्यू टेबलावर लोळवून पाहावा, आधी शाफ्ट, मग बट, मग दोन्ही जोडून. एका डोळ्याने टोकापासून शेवटपर्यंत रेष पाहावी. जोडाच्या दोन बाजू बोटाला खाच न लागता जुळायला हव्यात. टिप हळूच टेबलावर ठोकल्यास भरीव आवाज यावा. खडखड ऐकू आली, तर कुठेतरी काही सैल आहे. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली मालही विकला जातो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पावती आणि हमीपत्र घ्यावे. शक्य असेल तर ज्या क्यूने खेळायचे, त्याच क्यूने पंधरा-वीस फटके मारून पाहावे. आकडे आणि जाहिराती काही म्हणोत, हाताला तो सोयीचा वाटला पाहिजे.

एकदा क्यू निवडला, की तो वारंवार बदलू नये. रोज खेळून झाल्यावर शाफ्ट कोरड्या मऊ कापडाने पुसावा, टिपचा आकार राखावा आणि चॉकही शक्यतो एकाच प्रकारचा वापरावा. पालकांनी या खर्चाकडे पाहताना एवढेच विचारावे, की मुलगा किंवा मुलगी टेबलावर किती नियमितपणे उभी राहते. सराव नियमित असेल, तर चांगला क्यू त्या सरावाचे फळ लवकर दाखवतो. सराव नसेल, तर तो पेटीत पडून राहतो, आणि तेव्हा त्याची किंमत कितीही असली तरी ती जास्तच होते.